जावेच्या गाडीचं गिऱ्हाईक

मी जळकुकडी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला ते ठाऊक आहे, सासूबाईंना ठाऊक होतं, आणि ज्या धाकट्या जावेवर मी इतकी वर्षं जळले, तिला तर ते लग्न होऊन चार महिन्यांत कळलं असावं. ही हकिगत चेन्नईतली, दोन हजार सात-आठच्या सुमाराची. तेव्हा आम्ही दोघी मोगप्पैरला एकाच इमारतीत राहत होतो, मी तळमजल्यावर आणि ती तिसऱ्या मजल्यावर. आणि दोघींच्याही जुन्या गाड्या एकाच वेळी विकायला निघाल्या होत्या.

चेन्नईत आधी आम्ही आलो. माझा नवरा श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात, पहाटे कंपनीची बस त्याला घेऊन जायची. मी अंबत्तूरला एका लहानशा कारखान्यात ब्रेकच्या नळ्या तपासायचं काम करायची. पाण्याचा टँकर कुठल्या वारी येतो, कुठली भाजीवाली मापात मारते, रिक्षावाल्याशी कुठल्या शब्दाने भांडण सुरू करायचं, हे सगळं मी दोन वर्षं धक्के खाऊन शिकले. मग धाकटे दीर आणि जाऊ आले, दोघंही कॉम्प्युटरवाले, पगार आमच्या दुप्पट. ती आयत्यावर येऊन बसली आणि सहा महिन्यांत इमारतीतल्या सगळ्यांची लाडकी झाली.

घरमालकीणबाईंचंच घ्या. त्या तंजावरकडच्या मराठी. कित्येक पिढ्या तिकडे गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि हेल पक्का तमिळ. मी त्यांना पहिल्या दिवाळीला चिवडा दिला, चकल्या दिल्या, संक्रांतीला तिळगूळ दिला. इमारतीत छपराखाली गाडी लावायची एकच जागा होती, तिच्यावर माझा डोळा होता. ती जागा बाईंनी जावेला दिली. का, तर जाऊ जिन्यात उभी राहून तासभर त्यांचं बोलणं ऐकायची, आणि त्यांच्या मराठीला कधी हसायची नाही. मी एकदा हसले होते.

परिणाम असा की माझी गाडी तीन उन्हाळे उघड्यावर तापली. टपाचा रंग उडून पांढुरके चट्टे पडले. जावेची रुपेरी गाडी मात्र शोरूममधून काल आणल्यासारखी. रोज सकाळी बसस्टॉपकडे जाताना मला ती दिसायची आणि दिवसाची सुरुवातच खराब व्हायची.

गाड्या विकायचं कारण दोघांचं वेगळं. माझ्या नवऱ्याला कंपनीकडून सवलतीत नवी गाडी मिळणार होती, पण जुनी विकल्याशिवाय ती घेण्याची ऐपत नव्हती. दीर आणि जाऊ अमेरिकेला निघाले होते, ऑनसाइट, दोन वर्षांसाठी. दिराने एका रविवारी इंटरनेटवरच्या जुन्या गाड्यांच्या साइटवर दोन्ही गाड्यांच्या जाहिराती टाकून दिल्या. फोटोही त्यानेच काढले. माझ्या गाडीचा फोटो भर दुपारच्या उन्हात काढला, सगळे चट्टे उठून दिसतील असा, आणि त्याने ते मुद्दाम केलं नाही यावर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही.

पण तो आडी महिना होता. आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला येतो तो. तिकडचे लोक त्या महिन्यात लग्न करत नाहीत, नव्या घरात जात नाहीत आणि गाडीला तर हात लावत नाहीत. जे फोन आले ते सगळे 'आडी संपू दे, मग बघू' म्हणून थांबले. एक गृहस्थ तरीही आले, सोबत मेकॅनिक घेऊन. त्यांनी बॉनेट उघडायच्याही आधी नंबरप्लेटवरच्या आकड्यांची बेरीज केली. बेरीज सतरा, म्हणजे एक आणि सात आठ. आठ म्हणजे शनीचा आकडा. त्यांनी हात जोडले आणि निघून गेले. जाता जाता छपराखालच्या रुपेरी गाडीची बेरीज करून ती नऊ येते असं मला आनंदाने सांगून गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

आणि त्याच आठवड्यात जावेला गिऱ्हाईक मिळालं.

ती संध्याकाळी खाली आली, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट छापून आणलेले कागद. माणूस जहाजावर इंजिनियर होता. मूळचा भारतीय, आता समुद्रावर, सहा महिने किनाऱ्याला लागणार नव्हता. वडील केनियात, त्यांना गाडी भेट द्यायची होती. तिकडेही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून भारतातली गाडी हवी. फोटो पाहून त्याचं समाधान झालं होतं. किमतीत त्याने एक रुपया कमी करा म्हटलं नव्हतं. पैसे इंटरनेटवरच्या एका परदेशी पेमेंट कंपनीमार्फत देणार, गाडी न्यायला एजंट येणार, तुम्ही काहीच करायचं नाही.

आता कुणी विचारेल, तुला काही वाटलं कसं नाही? वाटलं ना. मला वाटलं की नशीबसुद्धा हिच्याच दारात जाऊन बसतं. लोक समजतात की जळणाऱ्या माणसाला लगेच संशय येतो. मुळीच नाही. दुसऱ्याचं भलं झालंय यावर आमच्याइतका चटकन विश्वास कुणीच ठेवत नाही. ती बोलत होती, आणि मला वाटत होतं, हिला आडी नाही, हिला बेरीज नाही, हिला मेकॅनिक नाही, हिला फक्त छान छान पत्रं येतात. मी चहा केला. साखर घालायला विसरले, आणि ती तसाच गोड मानून प्यायली. त्याचाही मला राग आला.

जाताना ती फोल्डर टेबलावर विसरली. मी तो तिला हाक मारून द्यायला हवा होता. मी कागद उघडून त्या माणसाचा ईमेल पत्ता वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला, आणि मग फोल्डर वर नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या कॉम्प्युटरवरून मी त्याला लिहिलं. माझ्याकडेही त्याच कंपनीची गाडी आहे, एका वर्षाने नवी आहे आणि तुम्ही जी बघताय तिच्यापेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त पडेल. इथवर लिहून मी थांबायला हवं होतं. पण हात थांबेना. पुढे मी लिहिलं की ती रुपेरी गाडी मला चांगली माहीत आहे, पूनमल्ली रोडवर तिने एका लॉरीला धडक दिली होती, पुढचा सगळा भाग नवा बसवलेला आहे, मालक हे कुणाला सांगत नाहीत.

त्या गाडीला आयुष्यात साधा ओरखडा आलेला नव्हता. मी पाठवायचं बटण दाबलं आणि डबा खाल्ला. भूकही चांगली लागली होती.

संध्याकाळच्या आत उत्तर आलं. त्याला माझी गाडी हवी होती! फोटो पाहून समाधान झालं होतं. माझ्या अंगात असा आनंद संचारला की बसमध्ये मी शेजारच्या बाईला माझी खिडकी दिली. दोन दिवसांनी पेमेंट कंपनीचंही पत्र आलं, वर त्यांचं निळं चिन्ह. तुमच्या नावावर पूर्ण रक्कम जमा झालेली आहे, फक्त गाडी वाहून नेण्याचा खर्च एजंटच्या दिल्लीच्या खात्यात भरा आणि पावतीचा नंबर आम्हाला कळवा, की रक्कम मोकळी होईल. वाहतुकीचा तो खर्च गिऱ्हाइकाने किमतीत आधीच वाढवून दिला होता, म्हणजे खिशातून काही जाणार नव्हतं. मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. एकदम पैसे हातात आल्यावर सांगू, म्हटलं.

मग मी वाटीभर चटणी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. खरं सांगायचं तर मला जावेचा पडलेला चेहरा बघायचा होता.

तिचा चेहरा मुळीच पडलेला नव्हता. तिलाही पेमेंट कंपनीचं पत्र आलं होतं. दिराने कौतुकाने ते माझ्या नवऱ्याला ईमेलने पाठवूनही दिलं होतं. शनिवारी सकाळी दोघं बँकेत जाऊन एजंटच्या खात्यात एक लाख दहा हजार भरणार होते. अमेरिकेत गेल्यावर पहिला पगार होईपर्यंतचं घरभाडं आणि थंडीचे कपडे यांसाठी बाजूला काढलेले तेच पैसे होते, त्यापलीकडे त्यांच्याकडे शिल्लक फारशी नव्हती. पण चार दिवसांत गाडीची रक्कम येणार, मग काय काळजी, असं ती म्हणाली.

म्हणजे त्याने तिला सोडलं नव्हतं. मी एवढं सांगूनही. लॉरीची धडक वाचूनही त्याला तिची गाडी हवीच होती, माझ्या गाडीच्या जोडीला. जिना उतरताना माझ्या मनात शंका नव्हती, नुसता संताप होता. असं काय आहे हिच्यात, की खोटा अपघातसुद्धा हिचं काही वाकडं करू शकत नाही?

शुक्रवारी सकाळी कारखान्यात गेले ती हाच विचार घेऊन. आमच्याकडे कामाची एक पद्धत होती. नळी गळते का, हे एक मशीन तपासायचं. नळी आत ठेवली, हवा भरली, की चांगल्या नळीला हिरवा दिवा आणि गळक्या नळीला लाल. पण मशीन तरी बरोबर सांगतंय हे कशावरून? म्हणून रोज पाळी सुरू होताना आम्ही एक मुद्दाम भोक पाडलेली नळी आत घालायचो. तिला लाल रंग दिलेला, कुणी चुकून मालात टाकू नये म्हणून. तिला लाल दिवा लागला तर मशीन ठीक. तिलाही हिरवा लागला, तर मशीन आंधळं झालेलं आहे, त्याने हिरवा दाखवलेला एकही नग खरा धरायचा नाही.

त्या सकाळी गळकी नळी मीच आत घातली. लाल दिवा लागला. मी ती बाहेर काढून हातात धरून उभीच राहिले. मला वाटलं, या माणसाला मी अजून चांगल्याच नळ्या देत आलेय. तिच्या गाडीबद्दल वाईट सांगितलं ते दुसरीने सांगितलेलं, एखादा म्हणेल बाई खोटं बोलतेय. पण मालक स्वतःच आपल्या गाडीबद्दल वाईट सांगायला लागला तर?

सुट्टीची वाट न बघता मी लिहिलं. माफ करा, माझ्या गाडीबद्दल काही सांगायचं राहिलं. रिव्हर्स गिअर पडत नाही. पायाखालचा पत्रा गंजून रस्ता दिसतो. आणि इंजिन मागच्या महिन्यात काढून एका नातेवाइकाला दिलं आहे.

तासाभरात उत्तर आलं. सविस्तर माहितीबद्दल आभार. गाडीची अवस्था मला पसंत आहे. एजंटचे पैसे भरलेत का? मी ते अजून भरले नव्हते.

भोकाच्या नळीला हिरवा दिवा लागला होता. नवऱ्याचा पासवर्ड मला ठाऊक होता; त्याच्या ईमेलमधून मी दिराने पाठवलेलं जावेचं पेमेंटचं पत्र उघडलं आणि माझं त्याच्याशेजारी ठेवलं. आता मात्र ज्या नजरेचा मी पगार घेते त्या नजरेने बघितलं. व्यवहाराचा क्रमांक दोन्हीकडे तोच. आमच्या कारखान्यात दोन नगांवर एकच क्रमांक निघाला असता तर आख्खी पाळी थांबवली असती. एजंटचं दिल्लीचं खातं तेच. आणि पत्र पाठवणाऱ्याच्या पत्त्यात पुढे कंपनीचं नाव असलं, तरी मागे कुणालाही फुकट उघडता येणारा साधा ईमेल होता, माझ्यासारखाच. निळ्या चिन्हाकडे बघण्याच्या नादात त्या ओळीकडे कुणी बघितलंच नव्हतं.

सगळं छापून घेतलं आणि पिशवीत भाजीखाली ठेवलं. घरी आल्यावर वर गेले, पण कागद न घेता. म्हटलं, नुसत्या तोंडानेच काम होत असेल तर बरं. मी सांगितलं की असं इंटरनेटवर फसवतात म्हणे, कारखान्यात कुणी तरी बोलत होतं, पैसे भरू नका. दिराने मला पेमेंट कंपन्या कशा चालतात ते समजावलं, पहिलीतल्या मुलीला समजवावं तसं. जाऊ मला दारापर्यंत सोडायला आली आणि मग हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्या गाडीलाही मिळेल हो गिऱ्हाईक. आडी संपू दे."

मी खाली आले. तिचं काय चुकलं होतं? तिचं लग्न झाल्यापासून तिच्या प्रत्येक चांगल्या गोष्टीत मी काही ना काही खोट काढली होती. तिच्या साडीचा रंग जाणार, तिचं प्रमोशन कागदावरचंच, तिचा व्हिसा अडकणार. आज पहिल्यांदा मी खरं बोलत होते आणि ते नेहमीच्यासारखंच ऐकू येत होतं. ती पूर्ण संध्याकाळ मी स्वतःशी म्हणत बसले, भरू देत. शहाणी आहेत ना, भरू देत पैसे. मी सांगितलं होतं की नाही? वाचवायचं तर त्या माणसाला मी लिहिलेली पत्रं दाखवावी लागणार होती, आणि ती दाखवली की माझ्या अब्रूचं खोबरं. नवऱ्याच्या ताटात आमटी वाढत होते तेव्हा तो म्हणाला, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, बरी आहे.

शनिवारी नवरा कामावर गेला. साडेनऊला जिन्यावर पावलं वाजली. दीर पुढे, काखेत बॅग धरून, मागे जाऊ. मी दार उघडून छपराखाली त्यांच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिले. कागदांच्या मी घड्या घातल्या होत्या. त्या माणसाच्या उत्तरांखाली माझी पत्रं आपोआप छापली गेली होती, तो खालचा भाग मी आत दुमडून टाकला होता. दिराच्या हातात तेवढाच वरचा भाग दिला, इंजिन नसलेली गाडी पसंत असल्याचा.

त्याने वाचलं. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, पण हा तोच माणूस कशावरून, आणि तो तुम्हाला कुठे भेटला. रास्त प्रश्न होता. माझ्या हाताखालच्या कुणी विचारला असता तर मी शाबासकी दिली असती. मी त्याच्या हातातून कागद घेतले, घड्या उलगडल्या आणि पहिल्या पत्रापासूनचा सगळा गठ्ठा परत दिला. म्हटलं, पेमेंटचे दोन कागद शेवटी आहेत, क्रमांक जुळवून बघ.

तो सरळ शेवटच्या पानांकडे गेला. क्रमांक बोटाने जुळवला, एकदा, दोनदा. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. वरची पानं जावेच्या हातात देऊन तो पुन्हा वर धावला, कॉम्प्युटर सुरू करायला.

तिने पहिलं पत्र वाचायला घेतलं. इंग्रजी माझं बेताचं, पत्र छोटंसं, पण तिला वेळ लागला. चाळीस हजारांची ओळ ती सहज ओलांडून गेली हे मला दिसलं. मग ती पूनमल्ली रोडवर आली. तिने मान वर केली आणि आपल्या गाडीच्या पुढच्या भागाकडे बघितलं, जसं काही तिथे खरंच काही असेल. घरमालकीणबाई वरून विचारत होत्या, काय झालं म्हणून.

मी काही तरी बोलायचं म्हणून बोलले. एक लाख दहा हजार वाचले, आता वर जाऊन नवऱ्याला सांग, पोलिसांत तक्रार कर म्हणावं, असलं काही. ती ऐकत नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "तो चोर निघाला म्हणून आम्ही वाचलो. पण हे लिहिलंत तेव्हा तुम्हाला तो खराच वाटत होता ना?"

"हो," मी म्हटलं.

"आणि खरा निघाला असता, तर हा कागद तुम्ही मला दाखवला असता?"

त्या घरात माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असायचं. तिथे उभी राहून मी शोधलं आणि मला एकच सापडलं.

"नसता दाखवला," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागावली नाही, रडली नाही, मला वाटतं तिला ते आधीच माहीत होतं. तिने फक्त ते पहिलं पत्र बाकीच्या गठ्ठ्यातून वेगळं काढलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि जिना चढून वर गेली. मी ते परत मागितलं नाही.